दुबई की सिंगापूर? हनिमूनचं शहर ठरवण्याचा क्रम

मुहूर्त धरला, हॉल मिळाला, की पुढचा प्रश्न येतो तो हनिमूनचा. डोंगर-दऱ्या नकोत, झगमगाटाचं मोठं शहर हवं असं दोघांचं ठरलं असेल तर गाडी बहुधा दोन नावांवर येऊन थांबते: दुबई आणि सिंगापूर. गेली अनेक वर्षं नात्यातल्या, ओळखीतल्या जोडप्यांना मी ही आखणी करून देते, आणि दरवेळी एकच चूक पाहते. आधी शहर ठरतं, मग पॅकेज ठरतं, आगाऊ रक्कम भरली जाते, आणि तारीख, पासपोर्ट, आवडीनिवडी हे सगळं त्या पॅकेजात कोंबलं जातं. क्रम नेमका उलटा हवा. शहराचं नाव सगळ्यात शेवटी यायला हवं.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा सोपा वाटला तरी गाळू नका.

## टप्पा १ : निघण्याची तारीख आधी पक्की करा

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं विमान धरू नका. सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचं दर्शन, मांडवपरतणी यांत चार-पाच दिवस जातातच. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर यांपैकी एकाहून जास्त ठिकाणी जायचं असेल तर आणखी दोन. दोन्ही घरच्या मोठ्यांना बसवून "कुठले विधी करायचेत आणि कोणत्या वारी?" हे स्पष्ट विचारा आणि कॅलेंडरवर लिहा. हे विचारलं नाही की विमानाच्या आदल्या रात्री तुळजापूरहून परतणारी, डोळे मिटत असलेली जोडी विमानतळावर उभी राहते. लग्नानंतर किमान सहा-सात दिवसांनी निघावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तारीख हातात आली की महिना काय सांगतो ते पाहा.

दुबईत नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची असते. एप्रिलपासून ऊन चढतं आणि जून ते सप्टेंबर दुपारचा पारा ४० अंशांच्या वर राहतो. त्या काळात हॉटेलं स्वस्त मिळतात, पण का, ते लक्षात घ्या. मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग आणि ग्लोबल व्हिलेज ही मोठी जत्रा उन्हाळ्यात बंद असतात, समुद्रकिनारा दिवसा वापरता येत नाही, आणि वाळवंटातली संध्याकाळ भट्टीसमोर बसल्यासारखी जाते. राहतो तो मॉल.

सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे तिथे ऋतू असा नाहीच. बारा महिने ३१ ते ३३ अंश आणि मुंबईच्या मे महिन्यासारखी घामट हवा. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत जास्त, पण एरवी बहुतेक वेळा तासाभरात सरून जातो.

म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या, डिसेंबर-जानेवारीच्या मुहूर्तांना दोन्ही शहरं खुली आहेत आणि हवेच्या बाबतीत दुबईचं पारडं जड आहे. एप्रिलअखेर ते जूनच्या मुहूर्तांना मी सरळ सिंगापूर सांगते.

इशारा : ३१ डिसेंबर दोन्हीकडे टाळा. भाडी चढतात, आणि दुबईत बुर्ज खलिफाच्या भोवतालचे रस्ते संध्याकाळपासून बंद होतात. सिंगापुरात चिनी नववर्षाला बरीच दुकानं-खानावळी बंद असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फॉर्म्युला वन शर्यतीच्या आठवड्यात मरीना बेजवळची हॉटेलं हाताला लागत नाहीत. दुबईत रमजान चालू असेल तर मॉलमधली बरीच रेस्टॉरंटं दिवसाही उघडी असतात, मात्र रस्त्यावर खाणं-पिणं टाळावं लागतं. २०२७ मध्ये चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे आणि रमजान चंद्रदर्शनाप्रमाणे त्याच सुमारास सुरू होतो. त्या फेब्रुवारीत लग्न असेल तर हे आधी पाहा.

## टप्पा २ : पासपोर्ट उघडून समोर ठेवा

दोघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, मुदत. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

दुसरी, आडनावाचा रकाना. काही जुन्या पासपोर्टांवर सगळं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव रिकामं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश देणं थांबवलं आहे. तुमचा रकाना रिकामा असेल तर आधी विमान कंपनीला विचारा, आणि अडचण येणार असेल तर दुबईसाठी पासपोर्ट दुरुस्त करून घेणं किंवा सिंगापूरकडे वळणं, यांतलं एक आताच ठरवा.

तिसरी, नवरीचं नाव. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. उत्साहाच्या भरात नवरदेव तिकीट काढतो ते सासरच्या नावाने. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. एका पहाटे मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरपाशी मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. हातभर हिरवा चुडा, मेंदी अजून गडद, आणि समोरचा कर्मचारी एकदा पासपोर्ट, एकदा तिकीट असं तीनदा पाहून म्हणतो, "मॅडम, हे नाव जुळत नाही." त्या मुलीचा काडीचा दोष नव्हता. नवं तिकीट त्या क्षणीच्या दराने काढावं लागलं.

पासपोर्टवर जे अक्षर जसं आहे तसंच तिकिटावर, व्हिसाच्या अर्जावर आणि विम्यावर यायला हवं. पासपोर्टमधलं नाव बदलायचंच असेल तर हनिमूनहून आल्यावर बदला. लग्नानंतर माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर प्रवास करण्यात कसलीही अडचण नाही.

तपासा : नवरीचा पासपोर्टच नसेल तर आधी तो काढा. पोलीस पडताळणीत दिवस जातात, आणि तो हातात येईपर्यंत कुठलीही परत न मिळणारी रक्कम भरू नका.

## टप्पा ३ : दोन कागद, वेगवेगळ्या खोल्या

या टप्प्याला तरुण मुलं हसतात आणि मग याच टप्प्यावर निर्णय होतो. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची:

१. सुट्टीत सकाळी किती वाजता उठायला आवडेल?
२. रात्री नऊ वाजता मी कुठे असेन? (हॉटेलच्या खोलीत, रस्त्यावर, मॉलमध्ये, नदी-समुद्राकाठी)
३. दिवसाला किती चालायची तयारी आहे?
४. रोज जेवायला ओळखीचं हवं, की वेगळं चाखायचं आहे?
५. एकच गोष्ट पाहता आली तर कोणती?

लग्न ठरवून झालेलं असेल तर हे फारच गरजेचं. दोघांची ओळख चार-सहा महिन्यांची असते, एकमेकांना "तुला चालेल ते" म्हणण्याचे दिवस असतात, आणि त्या गोड संकोचात खरी आवड दबून जाते. कागदावर ती येते.

आता वाचा. उशिरा उठायचं, मोठ्या हॉटेलात निवांत पडायचं, पोहण्याचा तलाव, उंच इमारती, वाळवंट, खरेदी, रोज घरच्यासारखं जेवण, फार चालायचं नाही, असं जमलं तर ते दुबई. सकाळी बागेत फिरणं, मेट्रोने भटकणं, प्राणिसंग्रहालय, राइड्स, नवं खाणं, रात्री पायी हिंडणं, असं जमलं तर ते सिंगापूर. दुबईत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला बहुधा गाडी लागते, सिंगापुरात पाय आणि मेट्रो पुरते. दोन शहरांतला मुख्य फरक मला तरी हाच वाटतो.

दोन्ही कागदांवर शांतता, एकांत, झाडं, पाऊस, समुद्राचा आवाज असंच आलं असेल तर थांबा. तुम्हाला ही दोन्ही शहरं नको आहेत. नातेवाईक काय म्हणतील म्हणून झगमगाटात जाऊ नका. आपला कोकण किनारा किंवा केरळ तुम्हाला जास्त आनंद देईल.

नेहमीची चूक : कागद जुळले नाहीत म्हणून सहा रात्रींत दोन्ही शहरं गाठायची. एक पश्चिमेला, एक पूर्वेला. दोन व्हिसे, चार विमानतळ, आणि हाती काही नाही. न जुळलेल्या कागदांवर उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ४ : प्रत्येक शहराचा एक दिवस घड्याळावर मांडा

पॅकेजच्या पानावर "दिवस दुसरा : शहरदर्शन" असं लिहिलेलं असतं. त्यातून काहीच कळत नाही. एक वही घ्या आणि दोन्ही शहरांतला एक पूर्ण दिवस तासातासाने लिहून काढा. मी नमुना देते.

दुबई, डिसेंबरमधला एक दिवस. दहाला निवांत नाश्ता. अकराला टॅक्सीने जुन्या दुबईत, अल फहिदीच्या मातकट भिंतींच्या गल्ल्यांतून फिरून खाडीकाठी. तिथून अब्रा नावाच्या लाकडी होडीने पलीकडे डेरा नावाच्या भागात. भाडं माणशी १ दिरहम. पलीकडे मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार. दुपारचं जेवण करामा किंवा बर दुबईत. थाळी, डोसा, जैन जेवण सगळं मिळतं. मग हॉटेलवर दोन तास विश्रांती. साडेचारला बुर्ज खलिफा. डिसेंबरात सूर्य साधारण साडेपाचला मावळतो, त्यामुळे सूर्यास्त पाहायचा तर तिकीट साडेचार-पाचच्या सुमाराचं हवं. ही वेळ सगळ्यात महाग असते आणि सगळ्यात आधी संपते. ८२८ मीटर उंचीच्या इमारतीत साध्या तिकिटावर तुम्ही १२४-१२५व्या मजल्यापर्यंत जाता, १४८व्याचं तिकीट वेगळं. खाली उतरल्यावर कारंजं आणि दुबई मॉल.

इथे एक बारीक गोष्ट. मेट्रोचं स्टेशन "बुर्ज खलिफा-दुबई मॉल" या नावाचं असलं तरी तिथून मॉलपर्यंत लांबलचक बंदिस्त मार्गाने चालावं लागतं, पाऊण किलोमीटरहून जास्त. उंच टाचांचे सँडल घालून निघालेल्या नवरीला हे कुणी आधी सांगत नाही. मेट्रोत महिला-मुलांसाठी वेगळा भाग असतो आणि त्याची सीमा फरशीवर गुलाबी रेघेने दाखवलेली असते. बायकोच्या मागोमाग नवरा रेघ ओलांडून गेला तर १०० दिरहम दंड. डब्यात पाणी पिणं, च्युइंग गम खाणं यालाही दंड आहे.

सिंगापूर, कुठल्याही महिन्यातला एक दिवस. सूर्य वर्षभर सकाळी सातच्या आसपास उगवतो, संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. साडेसातला बोटॅनिक गार्डन्स. २०१५ पासून हे उद्यान जागतिक वारसास्थळ आहे, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. दहाच्या पुढे ऊन वाढलं की लिटिल इंडिया. टेक्का सेंटरचा बाजार, सेरंगून रोडवरचं वीरमाकालीअम्मनचं देऊळ, केळीच्या पानावरचं जेवण. दुपारी थंडाव्यासाठी गार्डन्स बाय द बेच्या काचेच्या दोन घुमटांत, म्हणजे फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट. यांना तिकीट आहे. बाहेर पडल्यावर सुपरट्री, म्हणजे झाडांच्या आकाराचे उंच मनोरे, ते फुकट. तिथला दिव्यांचा खेळ ७.४५ आणि ८.४५ ला होतो. पावणेआठचा पाहा, मग रमतगमत पूल ओलांडून मरीना बेच्या काठावर या आणि तिथला पाणी-प्रकाशाचा नऊचा खेळ पाहा. दोन्हींना पैसे पडत नाहीत. वेळा बदलू शकतात, आदल्या दिवशी तपासून घ्या.

नेहमीची चूक : मरीना बे सँड्सच्या गच्चीवरच्या तलावाचे फोटो पाहून सिंगापूर ठरवणं. तो तलाव फक्त त्या हॉटेलात मुक्काम असणाऱ्यांसाठी आहे. बाहेरच्याला तिकीट काढून निरीक्षण-गच्चीवर जाता येतं, तलावात नाही. तोच फोटो हवा असेल तर एक रात्र तिथे आणि बाकीच्या साध्या हॉटेलात, असं करा.

वहीतले दोन दिवस आता शेजारी बसून मोठ्याने वाचा. कुठल्या ओळीला कोणाचा चेहरा खुलतो ते पाहा. न जुळलेले कागद बहुतेकदा इथे जुळतात, कारण "दुबई" हे नुसतं नाव आणि "साडेपाचला बुर्जवर सूर्यास्त" हे चित्र, यांत फार फरक आहे.

## टप्पा ५ : खर्च दारापासून दारापर्यंत मोजा

पॅकेजची किंमत म्हणजे सहलीचा खर्च नव्हे. दोन्ही शहरांसाठी एकाच तक्त्यात हे मांडा: घरापासून मुंबई विमानतळाची गाडी (पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांनी हे विसरू नये), विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, हॉटेलवरचे कर, शहरातला प्रवास, तिकिटं, जेवण, फोनचं सिम, खरेदी, आणि वर १५ टक्के अडीअडचणीला.

ज्या रकमा लपून राहतात त्या अशा:

- दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रोज ७ ते २० दिरहम "टुरिझम दिरहम" द्यावा लागतो. तो बहुतेकदा तिथे पोचल्यावर मागतात.
- सिंगापुरात मेनूवर किंमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग ९ टक्के जीएसटी चढतो. १०० डॉलरचं जेवण सुमारे १२० ला पडतं.
- हॉटेलात शिरताना कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे कित्येक दिवस अडकतात. यासाठी क्रेडिट कार्ड वापरा.
- परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात जमा धरता येतो. पण भरताना रोख हाताशी लागते. ज्याच्या पॅनवर तो कापला त्यालाच तो मिळतो, म्हणून बिल कुणाच्या नावाने करायचं हे आधी ठरवा.
- दुकानदार "रुपयांत घेऊ का?" विचारेल. नाही म्हणा. दिरहम किंवा सिंगापूर डॉलरमध्येच द्या, रुपयांचा दर तिथे वाईट लावतात.

साधारण कल असा: तेवढ्याच पैशात दुबईत खोली मोठी आणि ऐसपैस मिळते, सिंगापुरात खोल्या लहान आणि महाग. उलट सिंगापुरात शहरात फिरणं स्वस्त आणि संध्याकाळी फुकटात पाहण्यासारखं पुष्कळ. दुबईत पाहण्याच्या बहुतेक मोठ्या गोष्टींना तिकीट आहे.

इशारा : "दुबईत सोनं घेऊ, सहलीचा खर्च निघेल" हा हिशोब मांडू नका. दागिन्यांवरची शुल्कमाफी वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याभराच्या पर्यटकाला ती नाही.

## टप्पा ६ : आता शहराचं नाव घ्या

तारीख, पासपोर्ट, दोन कागद, वहीतले दोन दिवस, दोन तक्ते. हे सगळं समोर असताना निर्णयाला अर्धा तास पुरतो. तरी एक रात्र जाऊ द्या. आणि हा निर्णय दोघांनीच करा. मावशी मागच्या वर्षी जाऊन आली, मामेभाऊ तिथे नोकरीला आहे, या गोष्टी माहितीसाठी चांगल्या, निर्णयासाठी नव्हेत. नातेवाईक त्या शहरात असतील तर एक संध्याकाळ जेवायला जा. मुक्काम हॉटेलातच.

## टप्पा ७ : बुकिंगचा क्रम

१. आधी हॉटेल, रद्द करता येईल असं.
२. मग विमान, बदलाचं शुल्क कमी असलेलं.
३. मग व्हिसा.
४. विमा, व्हिसाबरोबरच.
५. ठरलेल्या वेळेची तिकिटं (बुर्ज खलिफा, वाळवंटाची सफर, युनिव्हर्सल स्टुडिओज) व्हिसा हातात आल्यावरच.

दुबईचा पर्यटक व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा एजंटमार्फत ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा मागतात, म्हणून हॉटेल आणि विमान वर ठेवलं आहे.

सिंगापूरचा व्हिसा भारतातून अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटचं वेगळं. अर्ज प्रवासाच्या आधीच्या ३० दिवसांत करायचा असतो, आणि हाच तो लग्नाच्या धावपळीचा महिना. हळदीच्या दिवशी फोटो शोधत बसायला नको म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आणि बाकीचे कागद साखरपुड्यानंतर लगेच एका पाकिटात घालून ठेवा, आणि अर्जाचं काम घरातल्या एका जबाबदार माणसावर सोपवा. नवरदेवाचा धाकटा भाऊ किंवा नवरीची बहीण यासाठी उत्तम.

सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की समजा, चुकीच्या ठिकाणी आलात. आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, दोन्ही लागतात.

तपासा : दुबई ठरली असेल तर बुकिंगच्या आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. जून २०२५ मध्ये आखातातलं आकाश काही तास बंद झालं आणि उड्डाणांचा खोळंबा झाला. विमा घेताना विमान रद्द झाल्यास काय मिळतं, ते ओळ वाचून घ्या.

## टप्पा ८ : हॉटेल कुठल्या भागात

दुबई लांबट पसरलेली आहे. डेरा-बर दुबईत खोली स्वस्त, भारतीय जेवण दाराशी, पण समुद्र आणि दुबई मरीना हा किनाऱ्यालगतचा भाग लांब. डाउनटाउनला बुर्ज खलिफा हाकेच्या अंतरावर, भाडं चढं. मरीना-जेबीआरला (जुमेरा बीच रेसिडेन्स) किनारा आणि संध्याकाळची वर्दळ, मात्र जुनी दुबई २५-३० किलोमीटरवर. हनिमूनसाठी माझं मत मरीना किंवा डाउनटाउन, मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत.

सिंगापुरात भागापेक्षा मेट्रो स्टेशनचं अंतर पाहा. बुगिस, लिटिल इंडिया, क्लार्क की यांपैकी कुठेही राहा. सेंटोसा बेटावर सगळे दिवस राहू नका, रोज ये-जा करण्यात संध्याकाळ जाते.

## टप्पा ९ : बॅग भरताना

हा टप्पा आईच्या आणि सासूबाईंच्या उपस्थितीत करा, कारण खाऊचे डबे तिथूनच येतात.

अनारशांचा डबा काढून ठेवा. अनारशांवर खसखस असते, आणि खसखस अमिरातीत अमली पदार्थांच्या नियमांखाली बंद आहे. रुखवतातले लाडू, चिवडा, शंकरपाळी चालतील, पण ज्यात खसखस आहे ते सगळं बाहेर. सिंगापूरलाही तोच नियम पाळा. गरम मसाल्याची घरगुती पुडी नेत असाल तर तिच्यात काय घातलंय हे विचारा. प्रेमाने भरून दिलेल्या डब्यामुळे विमानतळावर चौकशीला बसावं लागू नये.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या काही गोळ्या यांना अमिरातीत आधी परवानगी लागते.

पान, तंबाखू, गुटखा दोन्हीकडे नको. सिंगापुरात च्युइंग गम आणणं १९९२ पासून बंद आहे, व्हेप (ई-सिगारेट) पूर्ण बंद आहे, आणि सिगारेटची करमाफी शून्य, म्हणजे एक पाकीट असलं तरी ते दाखवून कर भरायचा.

दागिने कमीत कमी. मंगळसूत्र, चार बांगड्या, कानातलं पुरे. जे नेणार त्याचे फोटो आणि बिलाची प्रत फोनमध्ये ठेवा, म्हणजे परतताना "हे तिकडून घेतलं का?" या प्रश्नाला उत्तर हाताशी असेल.

कपड्यांत दुबईसाठी खांदे-गुडघे झाकणारे दोन जोड हवेतच. अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहणार असाल तर नवरीला पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि ओढणी लागते. हात धरून चालायला हरकत नाही, चारचौघांत चुंबन मात्र टाळा. सिंगापूरसाठी छत्री, सुती कपडे आणि रुळलेले बूट. नवे कोरे बूट घालून पाय सोलून घेतलेल्या नवऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

मार्गशीर्षातले गुरुवार किंवा सोमवार असतील तर सिंगापुरात "नो मीट" एवढंच सांगून भागत नाही. मासळीचं सॉस आणि अंडं राहून जातं. "नो मीट, नो फिश, नो एग" असं तिन्ही म्हणा.

## टप्पा १० : पहिला दिवस रिकामा ठेवा

मुंबईहून दुबई तीन तासांच्या आसपास, सिंगापूर साडेपाच. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सिंगापूरचं अडीच तास पुढे. सिंगापूरची बहुतेक विमानं रात्री निघून सकाळी पोचतात, आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. मधले सहा-सात तास लॉबीत बॅगांवर डोकं टेकून काढलेली जोडी मला आठवते. सहलीतलं पहिलं भांडण तिथेच झालं होतं.

म्हणून आदल्या रात्रीपासूनची खोली धरा, किंवा लवकर प्रवेशाचे पैसे भरून लेखी होकार घ्या. तेही जमत नसेल तर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर बॅगा ठेवायची सोय वापरा आणि तिथल्याच ज्युएल नावाच्या मॉलमध्ये जा. तिथे ४० मीटरवरून कोसळणारा घरातला धबधबा आहे, बसायला जागा आहे, नाश्ता आहे. दोघं शांत बसा.

दुबईत पहिल्याच दुपारी वाळवंटाची सफर धरू नका. गाडी तीनच्या सुमारास न्यायला येते, वाळूच्या टेकड्यांवरून जोरात वर-खाली करते आणि परतायला रात्रीचे नऊ होतात. लग्नाचा शीण, अपुरी झोप आणि भरल्या पोटावर हा प्रवास म्हणजे हमखास उलटी. तिसऱ्या दिवशी ठेवा, त्या दुपारी हलकं खा, आणि पाठीचा-मानेचा त्रास असेल तर टेकड्यांचा भाग वगळून थेट तंबूपर्यंत सोडायला सांगा. बुकिंग करतानाच विचारलंत तर बरेच जण ही सोय करतात.